गरम पाण्याला गॅस, लाइट, सोलर की परत बंब? पेठेतल्या जुन्या घरासाठी सल्ला हवा

पेठकरी
राम राम मंडळी. घराची डागडुजी काढली आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत बोळातलं घर, तळमजला आणि वर दोन मजले, दोन्ही अंगाला शेजाऱ्यांच्या भिंती. माणसं सहा. त्यात आई सत्तरीच्या पुढची आणि पोरगं शाळेत जाणारं. न्हाणी खाली एक, वर एक. खालच्या न्हाणीला खिडकी नाही, दारावर एक झडप आहे तेवढीच. वरच्या न्हाणीला लागून छोटी उघडी गॅलरी आहे.

आजवर खाली २५ लिटरचा लाइटचा गीझर होता, त्याची टाकी गळायला लागली. वर बादलीत रॉड टाकून चाललं होतं. आता चुलतभाऊ म्हणतो गॅस गीझर घे, मेव्हणा थेट सोलरवाल्यालाच घेऊन आला, आणि आई म्हणते माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवा. बायकोची अट एकच, सकाळी सातला दोन्ही न्हाण्यांत एकदम गरम पाणी हवं. बजेट चाळीसेक हजार, थोडं ताणता येईल. गवंडी फरशी बसवायला टेकला आहे, त्यामुळे पाइप कुठून न्यायचे ते लवकर ठरवायचं आहे. कंपनी कुठली ते नंतर बघू, आधी प्रकार सांगा.

तिरपागडा
सोलर. विषय संपला. पुढचा धागा काढा.

कळंबेकर
तिरपागडा, तुमचा विषय जूनमध्ये संपतो आणि थेट ऑक्टोबरात सुरू होतो. आमच्याकडे नळ्यांचा सोलर आहे. फेब्रुवारी ते मे इतकं कडक पाणी की थंड मिसळल्याशिवाय हात घालता येत नाही. जुलैत मात्र आठवडाभर सूर्य दिसत नाही आणि नेमकं तेव्हाच गरम पाणी लागतं. त्यामुळे टाकीत लाइटची कॉइल बसवावीच लागते. सोलर घेतला म्हणजे गीझर सुटला असं समजू नका. वर्षातले सातआठ महिने बिल वाचतं एवढं खरं.

फिटरभाऊ
पेठकरी, मी प्लंबिंगचीच कामं करतो. लोक कंपनी आधी विचारतात, तुम्ही नाही विचारली, त्यामुळे बरं वाटलं. आधी तीन गोष्टी सांगा. वापरायचं पाणी नळाचं की बोअरचं? वरच्या टाकीचा तळ वरच्या न्हाणीच्या शॉवरपासून किती उंच? गच्ची एकट्याची की सामायिक?

गॅस गीझर किंवा तीन लिटरचा इन्स्टंट घेणार असाल तर पाण्याला दाब लागतो. टाकी डोक्यावर चारपाच फुटांवरच असेल तर गॅस गीझर कधी पेटतो, कधी नाही, आणि माणूस साबण लावून उभा.

पेठकरी
फिटरभाऊ, प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचं, बाकी बोअर. बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरी पुटं धरतात. टाकी वरच्या न्हाणीपासून दहा-बारा फूट वर. गच्ची... सांगतो नंतर.

उद्यमनगरी
हा "सांगतो नंतर" लई बोलतोय भावा.

सौ. राजारामपुरी
गॅस घ्या. सिलिंडर दीड महिना जातो आणि पाणी तीन मिनिटांत. आमच्याकडे कित्येक वर्षं आहे, काही त्रास नाही.

ओपीडीतली
सौ. राजारामपुरी, तुमचा गीझर न्हाणीच्या आत आहे की बाहेर?

हे विचारते कारण मी इस्पितळात काम करते आणि हिवाळ्यात असे पेशंट येतात. आंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेर आलीच नाही, दार फोडलं तेव्हा बेशुद्ध. गॅस गीझर बंद न्हाणीत जळला की हवेतला ऑक्सिजन संपत जातो, ज्वाला अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. दार उघडायचं सुचेपर्यंत हातपाय चालत नाहीत. कधीकधी फिट येते आणि घरचे फिटचं औषध सुरू करायला येतात.

लोक एक गोष्ट हमखास बोलतात, "वास आला असता की." सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. जळून तयार होणाऱ्या या विषारी वायूला वास नाही, रंग नाही.

पेठकरी, खिडकी नसलेल्या खालच्या न्हाणीत गॅस गीझर नको म्हणजे नकोच. झडपेच्या भरवशावर तर अजिबात नको.

उद्यमनगरी
वरील प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. आमचा जन्म भट्टीसमोर गेला, ओतकामात. कुठलीही ज्वाला असो, लोखंड वितळवायचा कपोला असो की स्वयंपाकाचा बर्नर, हवा कमी पडली की ती पिवळी होते, काजळी धरते. गॅस गीझरच्या काचेतून ज्वाला बघत जा. निळी असेल तर ठीक. पिवळी लवलवायला लागली की बंद करायचा आणि बर्नर साफ करून घ्यायचा. भांड्याच्या बुडाला काळं धरलं तर बायका लगेच ओळखतात, गीझरच्या आत कोण बघतो?

सौ. राजारामपुरी
आमचा न्हाणीच्या आत आहे, पण खिडकी आहे. थंडीत मात्र खिडकी लावून घेतो.

ओपीडीतली
तेच तर. 🙏 काकू, आजच बाहेर काढून घ्या. भिंतीपलीकडे, हवेशीर जागी. आत फक्त पाइप येऊ दे.

बंबवाली आजी
मी आपलं वाचत होते. आमच्या आईंच्या वेळेपासून बंब आहे. शेणी, नारळाच्या शेंड्या, करवंट्या, वाळलेल्या फांद्या, काहीही चालतं. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, वरून धूर. थंडीत परसात बसून बंबाजवळ शेकायला जे सुख आहे ते तुमच्या बटणात नाही. दिवाळीच्या पहाटे तर अजून बंबच पेटवतो आम्ही.

पण बोळातल्या घरात नको रे बाबा. धूर जाणार कुठं? शेजारीण भांडायला येईल, आणि ते बरोबरच आहे. आणि तुमच्या न्हाणीत गॅसने जे होतं ते बंबाच्या निखाऱ्यांनीही होतं. बंबाची जागा परसात. पाणी न भरता पेटवलात तर जोडाचा डाग सुटून तळ गळायला लागतो, तेही लक्षात ठेवा.

चिपाडवाला
आजी 🙏
आमच्या गावाकडं गुऱ्हाळ लागलं की घरच्या बंबाला वर्षाचं जळण. रस काढून वाळलेलं उसाचं चिपाड काहिलीखालच्या चुलवाणात जातं, उरलेलं घरी. गूळ करणाऱ्या गुळव्यापेक्षा जाळ घालणाऱ्या जळव्याला मान द्यावा लागतो, जाळ कमीजास्त झाला की गुळाचा रंग बिघडला. हे शहरातल्यांना काय कळणार, बटण दाबलं की झालं. (हलके घ्या.)

तिरपागडा
विषय गरम पाण्याचा चाललाय, गूळ कुठून आला?

चिपाडवाला
काहिलीतून.

सौ. राजारामपुरी
😂😂

बिलाचा बळी
आता हिशोब करू का? कोणीच आकडे टाकत नाहीये म्हणून.

सहा माणसं, प्रत्येकी एक बादली, २० लिटर धरा. म्हणजे १२० लिटर. टाकीतलं पाणी थंडीत २० अंश, आंघोळीला ४० लागतं. १२० लिटर गुणिले २० अंश म्हणजे २,४०० किलोकॅलरी. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे रोज पावणेतीन-तीन युनिट, महिन्याला ८५ ते ९०. नुसत्या आंघोळीचे.

आता गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण दीड लाख किलोकॅलरी. गीझर त्यातली शंभरात ऐंशी पाण्याला देतो असं धरलं तर सव्वा लाख उरते. म्हणजे एक सिलिंडर जवळजवळ १४५ युनिट विजेचं काम करतो आणि तुमच्या घरात पन्नासेक दिवस जाईल.

आता आपापलं लाइटबिल काढा. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, शंभर युनिटच्या वर एक, तीनशेच्या वर आणखी एक. गीझरचे हे ९० युनिट तुमच्या आधीच्या वापरावर चढतात, म्हणजे ते नेहमी वरच्या दरात पडतात. त्या वरच्या दराला १४५ ने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. ज्याच्या घरी आधीच एसी, फ्रिज, मोटर आहे त्याला गॅस स्वस्त पडतो. दोघंच राहत असाल तर फरक कळायचासुद्धा नाही.

कळंबेकर
+१. असा प्रतिसाद पाहिजे. वाचनखूण साठवली.

मिनेसोटाचा मावळा
मूळ कोल्हापूरकर, सध्या अमेरिकेत जिथे जानेवारीत बाहेर उणे पंचवीस असतं तिथे. गंमत म्हणजे आमच्याकडेही याच महिन्यात हाच घोळ चाललाय, फक्त पाण्याऐवजी अख्ख्या घराचा. तळघरातली गॅसवर चालणारी फर्नेस बदलायची आहे. ती हवा तापवते, पंखा ती पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. इथं ती बंद पडली तर नुसती थंडी वाजत नाही, भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात.

इथे दोन जाती. साधी, शंभर रुपयांच्या गॅसमधली ऐंशी रुपयांची ऊब घरात देणारी, बाकी धुरांड्यातून आकाशाला. दुसरी ९५-९६ वाली. ती जळालेल्या वायूतली वाफही थंड करून तिची उष्णता काढून घेते, त्यामुळे धूर इतका कोमट होतो की प्लास्टिकच्या पाइपमधून बाहेर सोडतात आणि खाली पाणी ठिबकतं. ते पाणी नीट वाहून नेलं नाही तर नळी गोठते आणि यंत्र बंद. महाग आहे, पण सहा महिने थंडी असेल तर वसूल होते.

इथे दुकानदार सर्रास एक माप मोठी गळ्यात मारतात. "थंडी फार आहे साहेब, मोठी घ्या." मोठी घेतली की ती धाडकन तापवते, बंद होते, परत सुरू होते. खोल्या सारख्या तापत नाहीत आणि यंत्रही लवकर झिजतं. चांगला माणूस आधी घराच्या भिंती, खिडक्या, छपराखालचा ऊब धरणारा कापूस बघून किती उष्णता गळते त्याचा हिशोब मांडतो, मग माप सांगतो. जुनीचं माप बघून नवी देणारा असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावा.

आणि ओपीडीतली म्हणाल्या तो वायू. आमच्या प्रत्येक मजल्यावर त्याचा भोंगा बसवलेला आहे. फर्नेसमधला उष्णता देणारा पत्रा चिरला तर तो वायू थेट झोपायच्या खोलीत येऊ शकतो. हा भोंगा भारतातही ऑनलाइन मिळतो. गॅस गीझर असलेल्या प्रत्येकाने घ्यावा.

उद्यमनगरी
मावळ्या, उणे पंचवीसला तांबडा रस्सा कसा लागतो ते सांग आधी.

मिनेसोटाचा मावळा
रडवू नको मर्दा. मसाला संपलाय.

फिटरभाऊ
मावळ्याचं मापाचं म्हणणं इथंही लागू आहे. लोक ५० लिटरचा गीझर मागतात. २५ लिटरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असेल तर त्यात तेवढंच थंड मिसळून ४० अंशांचं ५० लिटर होतं. अडीच बादल्या. दोन किलोवॅटची कॉइल ती टाकी अर्ध्यापाऊण तासात परत तापवते. सगळे एकापाठोपाठ आंघोळीला जाणार असतील तरच मोठी टाकी. नाहीतर उगाच पाणी तापवून ठेवायचे पैसे भरायचे.

इन्स्टंटबद्दलही सांगतो. तीन लिटरवाला, तीन किलोवॅटचा. त्यातून थंडीत मिनिटाला दोनसव्वादोन लिटर नीट गरम पाणी येतं. बादलीला नऊदहा मिनिटं. भांडी घासायला ठीक, आंघोळीला नाही.

पंचगंगाकाठ
लाइटवर सगळं ठेवू नका एवढंच सांगतो. मी शुक्रवार पेठेत राहतो. २०१९ ला पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पार ५५ च्या वर मजल मारली. लाइट नाही, उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळे नळ कोरडे, टँकरची वाट. घरात दोन बारकी पोरं. त्या दिवसांत गॅसच्या शेगडीवर पातेलं ठेवून आंघोळी झाल्या. २०२१ ला परत तोच खेळ. दोन प्रकारचं जळण घरात असावं. पेठकरींचं घर उंचावर आहे, त्यांच्यात पाणी येणार नाही, पण लाइट तर जाणारच.

तिरपागडा
पुरात आंघोळीला पाणी कमी होतं?

पंचगंगाकाठ
तिरपागडा, पुढच्या वेळी या आमच्याकडे राहायला. 😄

सूर्यपुत्र
सगळे सोलर म्हणजे पाण्याचाच सोलर धरून चाललेत. गच्ची असेल तर विजेचे पॅनल घ्या. पीएम सूर्यघर योजनेत २०२४ पासून घरगुती जोडणीला एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार अनुदान मिळतं. गीझर लाइटचाच ठेवा, वीज गच्चीवर तयार होईल. पावसाळ्यात कमी पडली तर उन्हाळ्यातली जमा असलेली वीज बिलात वळती होते.

कळंबेकर
सूर्यपुत्र, एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळी गच्ची लागते, सावली नको. पेठेत बाजूचं घर एक मजला उंच असतं. आणि त्यांचं बजेट चाळीस आहे.

सूर्यपुत्र
मग हीट पंपाचा गीझर. एसी उलटा चालवल्यासारखं, बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात ढकलतो. एका युनिटमध्ये तीन युनिटांचं काम. कोल्हापूरच्या हवेत मस्त चालतो, इथं रात्री क्वचितच दहा अंशांच्या खाली जातं.

बिलाचा बळी
किंमत विचारली का कधी? घरगुतीसुद्धा त्यांच्या बजेटच्या पलीकडे जातो. आणि फ्रिजसारखा घुरघुरतो, तो बोळात कुठं ठेवणार?

सूर्यपुत्र
बरं बाबा, गप बसतो.

फिटरभाऊ
पेठकरी, बोअरचं पाणी जड आहे म्हणालात त्यावर. तांब्याच्या नळ्यांचा सपाट पत्र्याचा सोलर घेऊ नका, बारीक नळ्या क्षाराने गच्च होतात. घ्यायचाच तर काचेच्या नळ्यांचा. लाइटच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमची कांडी असते, ती स्वतः गंजते आणि टाकी वाचवते. जड पाण्यात दोनतीन वर्षांत संपते. ती कोणी बदलत नाही, मग टाकी गळते आणि कंपनीला शिव्या. तुमची जुनी टाकी अशीच गेली असणार. गॅस गीझरची तांब्याची नळीही क्षाराने आतून बारीक होते. म्हणून शक्य असेल तर गीझरला नळाच्या पाण्याची वेगळी लाइन द्या.

पेठकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. आता गच्चीचं सांगतो. गच्ची चुलतभावाबरोबर सामायिक आहे. तोच, गॅस घे म्हणणारा. आज कळलं की त्याला गच्चीवर पत्र्याची खोली काढायची आहे. 😐

उद्यमनगरी
हे बघा! गीझरचा धागा आणि निघाला भाऊबंदकीचा.

बंबवाली आजी
भावकीत पाणी तापतं ते बिनजळणाचं.

तिरपागडा
आजी, प्रतिसाद संपादित करू नका, फ्रेम करून लावतो. मी सोलर मागे घेतो.

कळंबेकर
तसंही गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पाऊण इंची पाइप वीस मीटर झाला तर त्यात सहा लिटर थंड पाणी उभं असतं. खालच्या न्हाणीत रोज तेवढं सोडून द्यावं लागलं असतं. आईंना आधी थंड पाणी लागलं असतं ते वेगळंच.

पेठकरी
मग असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. खाली आईच्या न्हाणीत लाइटचा, २५ लिटर, पाच स्टार. वर गॅस गीझर, पण न्हाणीत नाही, बाहेर उघड्या गॅलरीत. सातला दोन्हीकडे पाणी, लाइट गेला तर वरचं चालू. सोलर गच्चीचा निकाल लागल्यावर.

ओपीडीतली
उत्तम. खालच्याचं तापमान ५० च्या आसपास ठेवा. साठ अंशांचं पाणी म्हाताऱ्या माणसाची कातडी काही सेकंदांत भाजतं, आणि त्यांना चटकन बाजूला होता येत नाही. नळ शक्यतो मिसळून येणारा बसवा.

पंचगंगाकाठ
गॅलरीतला वाऱ्याने विझतो कधीकधी. आडोसा करा, पण बंदिस्त पेटी करू नका. आणि बहुतेक गॅस गीझरना ठिणगीसाठी सेल लागतात, ते घरात जास्तीचे ठेवा. पाइपचा गॅस तुमच्या भागात आला तर हाच गीझर तसाच जोडू नका, त्याचं जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक तोंड, वेगळं असतं.

बिलाचा बळी
दोन किलोवॅटच्या गीझरला जुन्या घरातली बारीक वायर चालणार नाही. चार चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन, तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा). अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून मोजून घ्या. तीन पिनांचा सॉकेट दिसतो म्हणजे तिसऱ्या पिनेला मागे काही जोडलंय असं नसतं.

सौ. राजारामपुरी
आमच्याकडे आज माणूस येऊन गेला. गीझर बाहेरच्या भिंतीवर हलवतोय. भोंगाही मागवला.

ओपीडीतली
❤️

पेठकरी
फिटरभाऊ, शेवटचा प्रश्न. गवंडी सोमवारी येतोय. फरशी बसायच्या आधी भिंतीत काय काय घालून ठेवू?

फिटरभाऊ
गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप, साधा पीव्हीसी नको, तो वाकतो. गच्चीचं जमलं तर म्हणून खालपासून वरपर्यंत एक रिकामी गरम पाण्याची लाइन आत्ताच टाकून तोंडं बंद करून ठेव, नंतर फरशी फोडावी लागणार नाही. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी पडतं, त्याला बारीक नळी लावून मोरीत सोड. काही महाभाग तिथं बूच मारतात, ते कधी करायचं नाही, टाकीला दाब सोडायला तेवढीच वाट असते. कांडी बदलायला खालून हातभर जागा मोकळी ठेवायला सांग. आणि गवंड्याने भिंत लिंपायच्या आधी सगळ्या पाइपांचे फोटो काढून ठेव, बाजूला टेप धरून. पुढं कोणीतरी आरसा लावायला खिळा ठोकतंच.